सामायिक अक्षांची जाळी आणि गायब झालेले आकडे

११ केंद्रांच्या तापमानाचे आलेख एकाच चित्रात हवे होते. आधी प्रत्येक आलेख वेगळा काढून चिकटवला. दिसायला ठीक, पण तुलना साफ खोटी: प्रत्येकाची उभी पट्टी निराळी, त्यामुळे ४ अंशांचा चढ आणि १५ अंशांचा चढ सारखाच दिसत होता.

म्हणून मॅटप्लॉटलिब या पायथॉनच्या आलेख काढणाऱ्या लायब्ररीत, आलेखांची जाळी करणाऱ्या 'सबप्लॉट्स'मध्ये ३ ओळी, ४ स्तंभ मागितले आणि आडवा व उभा अक्ष सामायिक करणारे 'शेअरएक्स', 'शेअरवाय' दोन्ही 'ट्रू' केले. सगळ्यांची मोजपट्टी एक झाली, आतले आकडे आपोआप गेले, फक्त डाव्या आणि खालच्या कडेला उरले. किती मोकळं वाटलं चित्र!

घर १२, आलेख ११. शेवटचं रिकामं घर 'रिमूव्ह'ने काढलं, आणि त्याच्या वरच्या आलेखाखाली तारखाच नाहीत. मी बराच वेळ तारखांचा साचा तपासत बसलो. कारण वेगळंच होतं: आकडे कुठे दाखवायचे हे जाळी तयार होतानाच ठरतं, शेजारी नंतर काढला तरी ते परत येत नाहीत. त्या एका आलेखावर 'टिक पॅराम्स'मध्ये 'लेबलबॉटम' 'ट्रू' केलं, तारखा आल्या.

अक्षांची नावं ११ वेळा लिहू नका. सगळ्या चित्राला मिळून एकेकच नाव देणारे 'सुपएक्सलेबल' आणि 'सुपवायलेबल' मॅटप्लॉटलिबच्या आवृत्ती ३.४ पासून आहेत. मांडणी 'कन्स्ट्रेन्ड' ठेवली की अक्षरं एकमेकांवर चढत नाहीत.

एक मात्र जपा. एका ओळीत तापमान, दुसरीत पाऊस असेल तर 'शेअरवाय'ला 'ट्रू'ऐवजी 'रो' द्या, म्हणजे उभी पट्टी फक्त त्या त्या ओळीपुरती सामायिक राहते. नाहीतर पावसाच्या मोठ्या आकड्यांपुढे तापमानाची रेघ सपाट होते.