जुनी ऑटोमॅटिक झटके देतेय? गिअरबॉक्स उतरवण्याआधी हे तपासा

टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या) जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअर उशिरा पडू लागला, की गॅरेजवाला थेट गिअरबॉक्स उतरवायची भाषा करतो. थोडं थांबा. दोष ऑइल, वायरिंग किंवा माउंटिंगमध्येही (इंजिन-गिअरबॉक्स धरून ठेवणारे रबरी आधार) असू शकतो. (एएमटी, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच आपोआप चालवणारी, आणि सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेली, यांचं तंत्र वेगळं, त्यांना हे लागू नाही.)

आधी गिअरबॉक्सचं ऑइल (इंजिन ऑइल नव्हे). गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून सपाट जागी लावा. ब्रेक दाबून गिअर लिव्हर सगळ्या पोझिशनमधून फिरवा आणि परत 'पी'मध्ये आणा. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक काढतात. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत मात्र इंजिन बंद करून मिनिट-दीड मिनिटात. त्यामुळे मॅन्युअल बघाच. पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो, प्रेशर पडतं आणि गिअरबॉक्समधले क्लच घसरतात. जास्त भरलं तरी ऑइलला फेस येऊन तेच होतं. आता डिपस्टिक पांढऱ्या कापडावर पुसा. लालसर आणि पारदर्शक असेल तर ठीक. काळपट आणि करपट वासाचं असेल तर क्लच प्लेटा जळाल्यात. गुलाबी, दुधाळ दिसलं तर बहुधा रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट आत शिरलंय. मग गाडी अजिबात चालवू नका, पाण्याने क्लच प्लेटांचं अस्तर सुटतं.

मग 'डी' आणि 'आर' टाकून बघा. गिअर पकडायला दोन सेकंदांहून जास्त लागत असतील, आणि तेही दोन्हीकडे, तर प्रेशर कमी आहे: ऑइल, फिल्टर किंवा पंप. एकाच बाजूला उशीर होत असेल तर त्या बाजूचा क्लच किंवा त्याचं सील. गिअर टाकताना धाडकन आवाज येत असेल तर बॉनेट उघडून इंजिन किती उसळतं ते बाजूला उभं राहून बघा. ब्रेकवर कुणीतरी बसलेलं हवंच. जास्त उसळत असेल तर माउंटिंग गेलंय.

साठ ते ऐंशीच्या वेगात, खडबडीत पट्टीवरून गेल्यासारखी थरथर येते? अ‍ॅक्सिलरेटर तसाच धरून डाव्या पायाने ब्रेकला हलकासा स्पर्श करा (मोकळ्या रस्त्यावरच). आरपीएम किंचित वाढून थरथर थांबली तर संशय लॉकअप क्लचवर (टॉर्क कन्व्हर्टरला थेट जोडून टाकणारा क्लच). थांबली नाही तर आधी स्पार्क प्लग आणि कॉइल बघा.

गाडी एकाच गिअरमध्ये अडकली असेल तर ती बहुधा लिंप मोडमध्ये आहे, म्हणजे बिघाड दिसल्यावर गिअरबॉक्स वाचवायला गाडीचा कॉम्प्युटर तिला एकाच गिअरवर ठेवतो. बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावा. पी०७०० हा कोड फक्त इशारा देतो; खरा कोड ट्रान्समिशन मॉड्यूलमध्ये (गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये) असतो, तो वाचणाराच स्कॅनर हवा. बॅटरी, अर्थिंग आणि स्पीड सेन्सरचा कनेक्टरही तपासा.

ऑइल बदलताना कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं घ्या. ड्रेन केल्यावर साधारण तीन-चार लिटरच निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. जितकं निघालं तितकंच मोजून भरा, मग गरम करून पातळी पुन्हा बघा.