पावसाळ्यात ओबी डंप घसरू नये म्हणून काय काय करायचं

उमरेड, गोंडेगाव, कामठी, कुठंबी जा, ओपनकास्टच्या, म्हणजे उघड्या कोळसा खाणीच्या, बाजूला ओबीचे, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडाचे, डोंगर उभे दिसतात, तेच डंप. डंपवर नवीन ड्युटी लागलेली पोरं पहिलं हेच विचारतात की रोलर किती फिरवायचा. पण बावा, डंप बहुतेक वेळा घसरतो तो खालच्या जमिनीमुळं अन पाण्यामुळं, म्हणून काम तिथूनच सुरू करा, पहिला डम्पर रिकामा व्हायच्या आधी.

आपल्याकडं वर काळी माती. उन्हाळ्यात दगडासारखी कडक, भेगांत हात जातो, अन मिरग लागला की नुसता साबण. तिच्यावर थेट ओबी टाकली तर सगळा ढीग त्या साबणावर उभा राहतो. म्हणून मुरूम लागेपर्यंत ती खरवडून काढायची अन वेगळी साठवायची, पुढं डंपवर झाडं लावताना तीच कामी येते. माती किती फुगते ते साध्या टेस्टनं कळतं. सुकवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली माती १०-१० ग्रॅम १०० मिलीच्या दोन मोजनळ्यांत घ्या, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल, ढवळून बुडबुडे काढा अन किमान २४ तास हात लावू नका. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, गपचूप खाली बसलेली दिसते, पाण्यातली मात्र फुगून वर चढलेली असते. समजा रॉकेलात १० मिली अन पाण्यात १८ मिली भरली तर फुगवटा ८० टक्के. ५० च्या वर गेलं की ती माती डंपखाली नकोच.

दुसरं, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा इथं आधी नाला होता का, झरा होता का, पाणी कुठं साचायचं. हे नकाशात नेहमी सापडतंच असं नाही. वेल्समधल्या अॅबरफॅनला कोळसा खाणीचा ढीग झऱ्यावर रचला होता, २१ ऑक्टोबर १९६६ ला तो खाली शाळेवर आला, १४४ माणसं गेली अन त्यातली ११६ लेकरं होती. मला हे वाचल्यापासून झऱ्यावर टाकलेला डंप पाहवत नाही. नाला असेल तर वळवा, अन डंपच्या वरच्या अंगाला गारलँड ड्रेन (कडेनं फिरणारी नाली) मारा म्हणजे बाहेरचं पाणी आत शिरणार नाही.

आता उंची. आपल्या कोळसा खाणींच्या नियमात उतार ३७.५ अंशांपेक्षा जास्त नको, ३० मीटरच्या वर गेलं की बेंच, म्हणजे पायऱ्या, पाडायचे, अन एकूण उतार १ उभा ते १.५ आडवा याच्यापेक्षा तीव्र नको. काळ्या मातीच्या भागात मी म्हणतो बेंच यापेक्षाबी ठेंगणे ठेवा. डम्पर कडेवर रिकामा करू नका, काही मीटर आतच टाका अन डोजरनं ढकला, कडेला मोठ्यात मोठ्या डम्परच्या चाकाच्या व्यासाइतका उंच बर्म, म्हणजे मातीचा बांध, पाहिजेच.

कॉम्पॅक्शनचं, म्हणजे माल दाबून घट्ट करायचं, सांगतो. कडेवरून खाली ढकललेला माल रोलरनं दाबता येत नाही, मोठे दगड घरंगळत पायथ्याला जातात अन बारीक माल वर राहतो. जिथं खरंच घट्ट पाहिजे, म्हणजे तळाचे पहिले थर, रस्ता अन शेवटचा माथा, तिथं अर्धा ते एक मीटरच्या थरात पसरवा अन व्हायब्रेटरी रोलर फिरवा. किती फेऱ्या ते कागदावरून ठरवू नका, ट्रायल पट्टा करा, दर दोन फेऱ्यांनी लेव्हल घ्या, थर आणखी दबायचा थांबला की तो तुमचा आकडा. मोठे दगड असलेल्या मालाला साधी प्रॉक्टर टेस्ट (माती किती घट्ट दबते ते पाहायची लॅबची टेस्ट) लागू पडत नाही. अन एक गोष्ट बरेच जण विसरतात, जुन्या थरावर डम्परनं चालून चालून बनलेला कडक रस्ता तसाच ठेवून वर नवीन थर टाकला की पाणी त्या रस्त्यावर अडकतं अन थर त्याच्यावरून सरकतो, म्हणून आधी तो रिपरनं, म्हणजे डोजरच्या मागच्या दातानं, फोडा. माथ्याला मात्र आतल्या बाजूला थोडा उतार द्या अन घट्ट करा, पाणी नालीत जाऊ द्या, उतारावरून नको.

जुलैमध्ये एका खाणीत मी डंपच्या माथ्यावर कडेला समांतर भेग पाहिली होती, बोट जाईल एवढी. दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्या, टेपनं अंतर मोजत गेलो. पहिल्या दिवशी ४ मिमीनं वाढलं, दुसऱ्या दिवशी आणखी ९ नं, तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंतच आणखी २० नं. रोजची वाढ दुप्पट व्हायला लागली म्हणजे तो घसरायच्या वाटेवर आहे, आम्ही गाड्या काढल्या अन रात्री एक भाग खाली बसला. तुम्हीबी खुंट्या ठोका, पावसात दर दोन तासांनी वाचा, वाढ स्थिर असेल तरच भेगेत चिकण माती ठासून पाणी आत जाणं बंद करा. वाढ वेग घेत असेल तर वरच्या डोजरवाल्याच्याबी आधी खाली पायथ्याला पंपावर बसलेल्या माणसाला हाक मारा, पंपाच्या आवाजात त्याला काहीच ऐकू येत नसतं.