चिलापीच्या रक्ताची काचपट्टी कशी वाचावी

वीस वर्षं मी माणसांचं रक्त तपासतोय. इंदापूर भागातल्या एका लॅबमध्ये सकाळी उपाशीपोटी आलेल्यांची रांग, हा माझा रोजचा दिवस. माशाचं रक्त हातात आलं ते मेहुण्यामुळे. त्याच्या शेततळ्यात चिलापी आहे. गेल्या वैशाखात रोज पाच-सात मासे पाण्यावर यायला लागले. डोळे फुगून बाहेर आलेले, अंगाचं धनुष्य झालेलं, जागच्या जागी गरगर फिरणारे. दुकानातून आणलेली अँटिबायोटिकची पावडर त्याने दोनदा खाद्यातून दिली होती. रोग कोणता, हे ना देणाऱ्याला ठाऊक होतं, ना घेणाऱ्याला. ते मला सहन झालं नाही, म्हणून मी सिरिंज घेऊन तळ्यावर गेलो. तेव्हापासून जे शिकलो ते इथे लिहितोय. जवळपास मायक्रोस्कोप आणि रक्त तपासणारा माणूस असेल, तर हे तुमच्याकडेही होऊ शकतं.

आजारी मासा तपासण्याआधी धडधाकट माशाचं रक्त तपासून ठेवा. माशाच्या रक्ताचे आकडे जात, वय, पाण्याचं तापमान, खाद्य यांनुसार बदलतात. पुस्तकातल्या आकड्यांपेक्षा तुमच्याच तळ्यातल्या दहा तंदुरुस्त माशांचे आकडे जास्त खरे. ते ऋतूप्रमाणे लिहून ठेवा.

नमुना सकाळी घ्या, आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवून. मासा जाळ्यात जितका वेळ तडफडेल तितकं रक्त बदलत जातं. साखर वाढते, लाल पेशी फुगतात आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा टक्का, उगाच वर जातो. म्हणून पाग टाकायच्या आधी बादली तयार हवी. एक भाग लवंगतेल नऊ भाग स्पिरिटमध्ये मिसळून ठेवा आणि दहा लिटर पाण्यात त्यातलं पाच मिली घाला. दोन-तीन मिनिटांत मासा कलंडतो. हा मासा बाजारात पाठवू नका. हातमोजे घालाच. चिलापीला होणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस अॅगॅलॅक्टी या जिवाणूचा एक प्रकार 2015 मध्ये सिंगापूरला कच्चा मासा खाल्लेल्या माणसांपर्यंत पोचला होता. हे नाव मला बाळंतिणींच्या स्वॅबच्या रिपोर्टमधून ओळखीचं होतं. तळ्याच्या काठावर ते पुन्हा भेटेल असं वाटलं नव्हतं.

मासा ओल्या कापडावर उताणा धरा. पोटाकडून गुदपराच्या मागे, बरोबर मधल्या रेषेत सुई उभी घाला. चारशे ग्रॅमच्या माशाला 23 गेजची सुई आणि दोन मिलीची सिरिंज पुरते. सुई कण्याला टेकली की हाताला कळतं. तिथून केसभर मागे घ्या आणि दट्ट्या हळू ओढा. घाईने ओढलं की पेशी फुटतात आणि सीरम गुलाबी होतं. असा नमुना सरळ टाकून द्या. अर्धा मिली रक्त पुरे. माशाचं रक्त फार लवकर गोठतं, म्हणून सिरिंज आधी हेपॅरिनने, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाने, ओली करून घ्या. आपल्या लॅबमधली जांभळ्या झाकणाची ईडीटीएची बाटली (तीही रक्त गोठू देत नाही) काही माशांच्या, विशेषतः कार्प जातींच्या, लाल पेशी फोडते. काचपट्टीसाठी मात्र सुईतला पहिला ताजा थेंब वापरा.

आता लॅबमधल्या मंडळींसाठी महत्त्वाचं. हे रक्त सेल काउंटरला, म्हणजे पेशी मोजणाऱ्या मशीनला, लावू नका. मी लावलं होतं. पांढऱ्या पेशींचा आकडा असा आला की मशीन बिघडलं असं वाटलं. माणसाच्या लाल पेशीला केंद्रक नसतं, म्हणून मशीन लाल पेशी फोडतं आणि उरेल ते पांढरं म्हणून मोजतं. माशाच्या लाल पेशीला केंद्रक असतं. पेशी फुटली तरी ते उरतं, आणि मशीन त्यालाही पांढरी पेशी समजतं. मोजायचं तर न्यूबाउर चेंबरमध्ये, म्हणजे चौकटी आखलेल्या काचेवर मायक्रोस्कोपखाली, हाताने.

हिमॅटोक्रिटसाठी केशनळी भरून सेंट्रिफ्यूजमध्ये पाच मिनिटं फिरवा. आमच्या तळ्यातल्या निरोगी चिलापीचा 28 ते 34 टक्के येतो. त्या वैशाखातल्या माशांचा 17, 19, 16 आला. लाल स्तंभावरची पांढरी रेघही पाहा. ती नेहमीपेक्षा जाड दिसली तर पांढऱ्या पेशी वाढल्याची पहिली खूण तिथेच मिळते.

खरी गोष्ट काचपट्टीवर आहे. पेशी रंगवणारा लीशमन स्टेन दोन मिनिटं, मग दुप्पट बफर घालून दहा मिनिटं, आणि तेल लावून शंभरच्या लेन्सखाली. लाल पेशी लांबट, भोपळ्याच्या बीसारख्या, मधोमध जांभळं केंद्रक. त्यांच्यात गोल, निळसर झाक असलेल्या कोवळ्या पेशी बऱ्याच दिसल्या, तर शरीर गमावलेलं रक्त भरून काढू बघतंय. पांढऱ्यांपैकी लिम्फोसाइट गोल, केंद्रकाने जवळजवळ भरलेली, कडेला निळी किनार. थ्रॉम्बोसाइट, म्हणजे रक्त गोठवणारी पेशी, चातीसारखी निमुळती आणि बऱ्याचदा घोळक्याने असते, पण गोल दिसली की नवशिका तिला लिम्फोसाइट म्हणून मोजतो. मीही पहिले पंधरा दिवस फसलो. तिला वगळून दोनशे पांढऱ्या पेशी मोजा. निरोगी माशात लिम्फोसाइटचं राज्य असतं. जिवाणूंचा संसर्ग झाला की न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, वाढतात.

पण इथे थांबा. ताणानेही लिम्फोसाइट घटतात आणि न्यूट्रोफिलचं प्रमाण वाढतं. ऑक्सिजन कमी पडला, वाहतूक झाली, तरी तेच चित्र दिसतं. नुसत्या टक्केवारीवर औषध देणं म्हणजे पुन्हा अंधारात दगड मारणं. फरक मोनोसाइटमध्ये शोधा. माझ्या तिसऱ्या काचपट्टीवर एक मोठी, पोकळ्यांनी भरलेली मोनोसाइट होती, आणि तिच्या पोटात ओवलेल्या मण्यांसारखे बारीक गोल ठिपके. जिवाणूंचा गट ओळखणारा ग्रॅम स्टेन केला, ठिपके जांभळे, म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस ज्या गटात येतो तो ग्रॅम पॉझिटिव्ह गट. मेहुण्याला डोळा लावून बघायला सांगितलं. तो बराच वेळ बोललाच नाही.

असा ठिपका सापडला नाही तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा नमुना घ्या. एरेटर चालवून, गर्दी कमी करून ताणाचे आकडे खाली येतात. संसर्गाचे येत नाहीत. हात बसला की एनबीटी चाचणीही करा, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी निळ्या करून दाखवणारी चाचणी. रक्ताचा थेंब कव्हरस्लिपवर अर्धा तास ओलसर डब्यात ठेवायचा, सलाइनने हलकेच धुवायचा आणि 0.2 टक्के एनबीटीच्या थेंबावर पालथा घालून आणखी अर्धा तास थांबायचं. लढायला उठलेल्या पेशी गडद निळ्या होतात. माणसांचं सीआरपी किट (शरीरातली सूज दाखवणारं प्रथिन तपासणारं) मात्र वापरू नका. ते माणसाच्या प्रथिनासाठी बनवलेलं असतं, माशाच्या सीरमवर त्याचा भरवसा धरता येत नाही.

संसर्ग आहे, एवढंच रक्त सांगतं. कोणता जिवाणू आणि कोणतं औषध लागू पडेल, हे कल्चरच, म्हणजे जिवाणू वाढवून केलेली तपासणीच, सांगतं. रोहू-कटल्यात एरोमोनास, पंगासियसमध्ये एडवर्डसिएला, अशी शंका धरता येते, पण खात्रीसाठी मूत्रपिंडाचा आणि चिलापीच्या बाबतीत मेंदूचाही स्वॅब हवा. मरायला टेकलेला मासा बर्फावर ठेवून, गोठवू न देता, त्याच दिवशी मत्स्यविज्ञान महाविद्यालयात किंवा मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत पोचवा. आधी फोन करून विचारा. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातली औषधं मत्स्यपालनात बंद आहेत, कुणी कितीही खात्री दिली तरी घेऊ नका.

प्रत्येक नमुन्यासोबत वहीत तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, माशाचं वजन आणि जाळ्यातून सुईपर्यंत लागलेली मिनिटं लिहा. मेहुण्याच्या वहीत आता दर पंधरवड्याला पाच मासे असतात. फाल्गुन संपताना पाणी तिशीच्या वर जायला लागलं की आम्ही ते आठवड्यावर आणतो.