आरसी म्हणजे रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानाची मोटर, प्रॉप (पुढचा पंखा, प्रोपेलर) आणि बॅटरी कशी जुळवायची?

नवी मुलं पहिला प्रश्न मोटरचा विचारतात. सुरुवात मात्र वजनापासून करा. बॅटरीसकट विमान काट्यावर ठेवा. शिकाऊ विमानाला किलोमागे साधारण 200 वॉट पुरतात, कसरतींसाठी 300 च्या पुढे लागतात. समजा विमान एक किलोचं आहे आणि बॅटरी तीन सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर), म्हणजे 11.1 व्होल्टची. भार आला की व्होल्टेज साडेदहाच्या आसपास येतं, म्हणजे 200 वॉटला करंट सुमारे 19 अँपिअर. ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर, 30 अँपिअरचा घ्या.

आता केव्ही, मोटरवर लिहिलेला आकडा. केव्ही म्हणजे मोटरची ताकद नव्हे, हा घोटाळा आधी डोक्यातून काढा. एका व्होल्टला बिनभाराचे किती फेरे, एवढंच तो आकडा सांगतो. त्याला गिअर समजा. उसाने भरलेली ट्रॉली चढावर टॉप गिअरमध्ये ओढली तर इंजिनाचं जे होतं, तेच जास्त केव्हीच्या मोटरला मोठा प्रॉप लावल्यावर होतं. आपल्या विमानाला 1000 केव्ही आणि 10×5 चा प्रॉप चालेल, म्हणजे व्यास 10 इंच आणि पिच (एका फेऱ्यात हिशेबाने पुढे जाण्याचं अंतर) 5 इंच. पण मोटरची करंट-मर्यादा 25 अँपिअरच्या खाली नको. भारावर मिनिटाला 9000 फेरे मिळाले, तर 5 इंच पिचचा वेग ताशी सुमारे 68 किलोमीटर होतो. शिकणाऱ्याला तो भरपूर झाला.

प्रॉपच्या व्यासाला फार जपा. फेरे तेवढेच धरले तर 10 चा 11 इंच केल्यावर लागणारी शक्ती जवळपास दीडपट होते. रानात प्रॉप मोडला म्हणून मी एकदा हाताला आला तो 11 इंची लावला. दोन चकरांत मोटर जळाली.

म्हणून वॉट आणि अँपिअर दाखवणारं वॉटमीटर घ्याच. बॅटरी पूर्ण चार्ज करा, विमान घट्ट बांधा, प्रॉपच्या मागे उभे राहा आणि फुल थ्रॉटल दहा सेकंद द्या. अँपिअर मोटरच्या मर्यादेच्या 80 टक्क्यांवर गेले तर व्यास किंवा पिच कमी करा. ही तपासणी सोलापुरात मे महिन्यात केली असेल तर जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत पुन्हा करा. पहाटेची थंड हवा दाट असते, तोच प्रॉप जास्त करंट ओढतो. उन्हाळ्यात करंट थोडा कमी दिसतो, पण 42 अंशांत मोटर आणि ईएससी थंडच होत नाहीत. उतरल्यावर मोटरवर बोट पाच सेकंद टेकवता आलं पाहिजे.

बॅटरी 2200 एमएएच (म्हणजे 2.2 अँपिअर-तास क्षमता), 25 सी (म्हणजे क्षमतेच्या 25 पट करंट देणारी). हिशेबाने 55 अँपिअर, पण लेबलचा निम्माच आकडा खरा धरा. 80 टक्केच वापरायची. सरासरी 11 अँपिअरला साडेनऊ मिनिटं मिळतात, टायमर आठचा लावा. लिपो उन्हात उभ्या गाडीत कधीही ठेवू नका.

होटगी रोडच्या विमानतळाजवळ उडवायचं नाही, आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा हवाई हद्दीचा नकाशा पाहा. ज्वारी काढलेली मोकळी रानं उत्तम. फक्त धसकटांत उतरताना प्रॉप हमखास मोडतो, तेव्हा त्याच मापाचे दोन पेटीत ठेवा.