हनोईत फो खाताना आधी रस्सा चाखा

फो म्हणजे तांदळाच्या नूडल्स घातलेला व्हिएतनामी रस्सा. त्याची वाटी समोर आली की लगेच लिंबू पिळू नका. आधी चमचाभर नुसता रस्सा प्या. तो हाडं, भाजलेलं आलं-कांदा, चक्रीफूल आणि दालचिनी घालून कित्येक तास मंद आचेवर शिजवलेला असतो. वास नाकात गेला की आपल्या मसाल्याच्या डब्याची आठवण येते. तेवढं झालं की मग लिंबू, मिरचीचे काप. हनोईत टेबलावर लसणाचं व्हिनेगर असतं, ते थोडंसं घालून बघाच. सोबत ‘क्वाय’ नावाची मैद्याची तळलेली कांडी घेऊन रश्श्यात बुडवा, पण पार लोळागोळा होईपर्यंत ठेवू नका. दक्षिणेला सायगॉनमध्ये (आताचं हो ची मिन्ह शहर) मात्र तुळशीच्या जातीच्या पानांची आणि मोडांची ताटलीच येते. पानं हातानं तोडून गरम रश्श्यात टाकायची.

‘फो बो’ म्हणजे गोमांसाचा, ‘फो गा’ म्हणजे चिकनचा. शाकाहारी असाल तर नुसतं ‘मांस नको’ सांगून भागत नाही, कारण रस्साच हाडांचा असतो. ‘चाय’ अशी पाटी असलेलं दुकान शोधा. तिथे चाय म्हणजे चहा नव्हे, शाकाहारी. चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला तिथले अनेक बौद्ध लोक शाकाहारच घेतात, त्या दिवशी सोय सहज होते.

आणि सकाळी लवकर जा. हनोईत हा न्याहारीचा पदार्थ आहे, रस्सा संपला की काही दुकानं सरळ बंद होतात.