दोन दूरच्या शहरांमधील हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढावा

भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नये. लंडन आणि टोकियो त्या नकाशावर जवळजवळ आडव्या रेषेत दिसतात, परंतु पृथ्वीगोलावर या दोन बिंदूंमध्ये दोरा ताणून धरला, तर तो स्कँडिनेव्हिया आणि उत्तर सायबेरियावरून जातो. हीच बृहद्वृत्ताची (पृथ्वीच्या केंद्राभोवती पृष्ठभागावर काढता येणाऱ्या सर्वांत मोठ्या वर्तुळाची) वाट, आणि तीच सर्वांत कमी अंतराची.

आकडा काढण्यासाठी दोन्ही शहरांचे अक्षांश व रेखांश घ्यावेत : लंडन सुमारे ५१.५° उत्तर, ०.१° पश्चिम; टोकियो ३५.७° उत्तर, १३९.७° पूर्व. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा (कॅल्क्युलेटरवरील sin) गुणाकार करावा, त्यात, दोन्ही अक्षांशांचे कोसाइन (cos) आणि रेखांशांमधील फरकाचा (येथे १३९.८°) कोसाइन या तिघांचा गुणाकार मिळवावा. बेरीज सुमारे ०.०७ येते. ज्या कोनाचा कोसाइन एवढा असतो तो कोन जवळपास ८६° भरतो, आणि पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर असल्यामुळे अंतर साधारण ९,५६० किलोमीटर होते. दक्षिण अक्षांश आणि पश्चिम रेखांश ऋण धरावेत. बहुतेक चुका या चिन्हांतच होतात.

अंतर कायम राहते, वेळ मात्र राहत नाही. मोठी प्रवासी जेट विमाने ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जातात, म्हणून भागाकाराने साडेदहा तासांहून थोडा अधिक वेळ मिळतो. त्यात धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे आणि खाली उतरणे यांसाठी अर्धा तास तरी मिळवावा. त्यानंतर वाऱ्याचा विचार करावा. मध्य अक्षांशांवर जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचीवरचा वेगवान वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. त्यामुळे लंडनहून न्यूयॉर्कला जाताना परतीच्या प्रवासापेक्षा साधारण एक तास जास्त लागतो.

हवाई हद्दीचा परिणाम तर वाऱ्याहूनही मोठा असू शकतो. २०२२ पासून ब्रिटिश आणि जपानी विमानकंपन्या रशियावरून उड्डाण करत नसल्यामुळे लंडन–टोकियो प्रवासाला, जो पूर्वी साधारण बारा तासांत होत असे, आता सुमारे चौदा तास लागतात. म्हणूनच अशा मार्गांवर केवळ भागाकारावर विसंबू नये, प्रत्यक्ष वेळापत्रक पाहावे असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

वेळापत्रकातील वेळा त्या त्या शहराच्या स्थानिक असतात, त्यामुळे त्यांची थेट वजाबाकी करता येत नाही. आधी दोन्ही वेळा जागतिक प्रमाणवेळेत (यूटीसी; हिवाळ्यात लंडनची वेळ हीच असते) आणाव्यात. हिवाळ्यात लंडनहून सकाळी ११ वाजता निघालेले विमान चौदा तासांनी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार रात्री १ वाजता पोहोचते, आणि टोकियो नऊ तास पुढे असल्याने तेथे तेव्हा दुसऱ्या दिवसाचे सकाळचे १० वाजलेले असतात. उन्हाळ्यात लंडनची घड्याळे एक तास पुढे केली जातात, टोकियोची नाहीत. तेव्हा लंडन आणि टोकियो यांच्या वेळांतील फरक आठ तासांचा धरावा.