मलब्याची पावसाळी बाग: गिट्टी धुतल्याशिवाय टाकू नका

नागपुरात पाऊस जूनच्या मध्याला येतो, म्हणजे पावसाळी बागेचं काम मेअखेर उरकायला हवं. ही बाग म्हणजे लेआउटच्या मोकळ्या जागेत खड्डा करून त्यात रस्त्याचं पाणी वळवून मुरवायचं आणि तळाला विकतच्या गिट्टीऐवजी पाडलेल्या घराचा मलबा घालायचा. फावडी, घमेली, चाळणी लागणारच.

मलबा स्वतः बघून घ्या. काँक्रीट आणि पक्क्या विटा हव्यात. पीओपी, जिप्सम, लाकूड बाजूला. सिमेंटचे जुने पन्हाळी पत्रे दिसले तर तो ढीगच नको, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो.

आता धुणं. चाळलं म्हणजे झालं असं अजिबात नाही, धुवायचंच. मागच्या वेळी हेच राहिलं. पहिल्याच जोराच्या पावसात तुकड्यांना चिकटलेली चुरी खाली उतरून फटींत बसली आणि पाणी मुरेनाच. शिवाय चुरीत सिमेंटचा चुना असतो. आपली काळी माती आधीच अल्कधर्मी. त्यात हा चुना गेला की झाडाला लोह मिळत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. म्हणून मूठभर तुकडे काचेच्या बरणीत पाणी घालून जोरात हलवा आणि थोडा वेळ ठेवा. तळाशी राखाडी थर बसला तर पुन्हा धुवा. परत थर बसला तर परत धुवा. ते पाणी नालीत सोडू नका, ड्रममध्ये निवळलं की पुढच्या धुण्याला घ्या. उन्हाळ्यात पाणी कुठून आणणार?

काळी माती भिजली की फुगते आणि पाणी अडवते. खणलेला खड्डा भरून रात्रभर ठेवा. सकाळी पाणी तसंच असेल तर मुरूम लागेपर्यंत खणा, नाहीतर जादा पाण्याला पाइप द्या. खड्डा घराच्या पायापासून निदान तीन मीटर लांब हवा.

भरताना खाली मोठे तुकडे, वर 20 मिमीचे, मग जिओटेक्स्टाइलचं (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं) कापड, वर माती-रेती-शेणखत. या मातीत थोडे विटांचे तुकडे मिसळा, ते ओल धरतात. कडेचा कठडा साध्या काँक्रीटचा: आयएस 383 या गिट्टी-रेतीच्या भारतीय मानकाच्या 2016च्या आवृत्तीप्रमाणे त्यात जाड गिट्टीपैकी 25 टक्क्यांपर्यंत मलब्यातल्या काँक्रीटची चालते, विटांची नाही. ती आधी भिजवा, पाणी फार पिते. रोपं वाळ्याची.

आणि धुतलेला ढीग ताडपत्रीवरच टाका. मातीवर पडला तर पुन्हा धुवावा लागेल.